नळी कुणाच्या ताटात?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात एका बचत गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

आखाड लागला. कोल्हापुरात पी-ढबाकच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीकडं मिरवणुका निघाल्यात, आणि गावोगावी तिखट जेवणाची आवतणं सुरू झालीत. श्रावण लागायच्या आत सगळ्यांनाच उरकायचंय. एका घरी बेंदराच्या पोळ्या, दुसऱ्या घरी आखाडाचं तळण, तिसऱ्या घरी यात्रेचं मटण. अशा दिवसांत आम्ही रेडिओवर खाण्यापिण्याबद्दल बोलणार म्हटल्यावर आमच्याच घरची मंडळी म्हणाली, "आता ह्या रस्सा बंद करा म्हणून सांगणार."

तर आधीच सांगून टाकतो. रस्सा बंद करा असं सांगायला आम्ही आलो नाही. आम्ही बारा जणी, करवीर तालुक्यातल्या एका गावातल्या. आमच्यातल्या एकीनं गेल्या वर्षी रस्सा बंद करून बघितला, त्याचं काय झालं ते सांगायला आलोय.

आमच्या गटात एक आक्का आहेत. वय पंचावन्नच्या पुढं. गेल्या उन्हाळ्यात उपकेंद्रात तपासणी शिबिर होतं, आशाताईंनी सगळ्यांना नेलं. आक्कांची शुगर वाढलेली निघाली आणि बीपीही. गोळ्या मिळाल्या आणि पथ्य सांगितलं. काय काय सांगितलं ते आक्कांनाही नीट आठवत नाही. "शुगर" हा शब्द ऐकल्यावर कानात नुसता घूं आवाज होत होता, म्हणतात. घरी आल्यावर त्यांनी आपलं आपण ठरवलं, सगळं बंद. भात बंद, तेल बंद, गोड बंद, मटण बंद, चटणी बंद.

आता घर सात माणसांचं. सगळ्यांचं पथ्य कोण करणार? म्हणून आक्का घरासाठी नेहमीसारखं झणझणीत करायच्या आणि स्वतःसाठी छोट्या पातेल्यात दुधीच्या फोडी उकडून घ्यायच्या. मीठ नावाला. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी बसून तेवढं गिळायचं. लेक म्हणायचा, "आई, जरा घे की रस्सा." आक्का म्हणायच्या, "नको रे, जीव प्यारा आहे." दीड महिना असं चाललं. बाया कौतुक करायला लागल्या, आक्कांचा निग्रह बघा म्हणून. आम्हीपण करत होतो.

मग आखाड आला. घरी यात्रेचं जेवण, पंधरा-वीस पाहुणे. आक्कांनी सकाळपासून उभं राहून तांबडा केला, पांढरा केला, सुकं केलं. तीन पंगती उठवल्या. दुपारी चारच्या सुमाराला सगळे पांगले, आणि सून भांडी आणायला आत गेली, तर आक्का कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. परातीत गार भात, त्यावर पांढरा रस्सा, वर तांबड्याचा कट, आणि भराभरा खाणं चाललेलं. सुनेला बघून त्यांनी पदरानं परात झाकली.

पुढच्या बैठकीत ही गोष्ट त्यांनीच सांगितली. सांगताना हसत होत्या, मग एकदम रडायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या हातानं रांधलेलं, माझ्याच घरात, चोरून खाल्लं ओ मी."

त्या दिवशी गटाचा हप्ता गोळा करायचा राहिला. तासभर कुणी काय काय चोरून खाल्लं तेच निघत गेलं. कुणी देवघरातला प्रसादाचा पेढा, कुणी नातवाच्या पुड्यातलं फरसाण. एकजण म्हणाली, मी चोरून काही खात नाही, पण पोरांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून खाते, आणि मग स्वतःचं जेवते. म्हणजे उपाशी राहणारी आपणच आणि दोनदा जेवणारीही आपणच!

मग आठ दिवसांनी आम्ही तिघीजणी आक्कांबरोबर दवाखान्यात गेलो आणि काय खायचं ते नीट विचारून घेतलं. एवढंच कळलं, की पूर्ण बंद असं फारच थोडं आहे. सगळा प्रश्न किती, कशाबरोबर आणि रोज की सणाला, याचा आहे. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, आणि ज्यांना मूत्रपिंडाचा वगैरे त्रास आहे त्यांनी आपलं पथ्य आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा, कारण यापुढं आम्ही जे सांगणार ते आमच्या स्वयंपाकघरातलं आहे, दवाखान्यातलं नव्हे.

पहिल्यांदा आम्ही तेलाचा हिशोब मांडला. बचत गटाच्या बायका आपण, हिशोबाला कशाला घाबरायचं? आक्कांच्या घरात पंधरा किलोचा डबा दीड महिना जायचा. पंधरा हजार ग्रॅम, पंचेचाळीस दिवस, सात माणसं. माणशी रोजचं जवळपास ४८ ग्रॅम पडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाला कामाप्रमाणे रोज २० ते ३० ग्रॅम तेल पुरे. मधला आकडा २५ धरला तर तोच डबा पावणेतीन महिने गेला पाहिजे. आम्ही बारा घरांचा हिशोब केला आणि बारापैकी नऊ घरं चाळीसच्या पुढं निघाली. हे नुसतं डब्यातलं. बाहेरची भजी, वडा, मिसळ यात धरलेली नाही.

हे असं का झालं असेल, यावर आम्ही बरंच बोललो. कोल्हापूरचं जेवण पहिल्यापासूनच तिखट-तेलकट, असं लोक म्हणतात. पण आमच्या सासूबाईंच्या वेळी मटण शिजायचं ते यात्रेला, पाहुणा आला तर, किंवा सुगी झाल्यावर. रोजचं जेवण म्हणजे भाकरी, कोरड्यास, खर्डा, कांदा आणि ताक. हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील, परड्यातली तांदळी नाहीतर शेतातली पाथरीची भाजी. आणि माणसं राबायची. खासबागेच्या मैदानात उतरणारा पैलवान लिटर-लिटर दूध आणि बदामाची थंडाई प्यायचा, पण तालमीत हजार-हजार जोर-बैठका मारून ती जिरवायचा. आता खुराक पैलवानाचा आणि बैठक सोफ्यावरची. पुढं पंचगंगेला बंधारे झाले, ऊस आला, हातात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सणाचं जेवण रोजचं झालं, आणि रोजच्या जेवणातलं जे चांगलं होतं ते गरिबीचं म्हणून मागं पडलं. नाचणी राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरात राहिली. आमच्या शेतात उसाला पाणी मिळालं आणि बांधावरची भाजी तणनाशकानं गेली.

पण जेवण बदलायचं म्हणून पहिल्यांदा आम्ही जे केलं ते साफ फसलं. आम्ही बिनतेलाची मिसळ केली. कुणीतरी मोबाईलवर बघितली होती. मटकीला मोड छान आले होते, वाफवून घेतली, कांदा-टोमॅटो उकडून वाटण लावलं, चटणी घातली. कट नाही, फरसाण नाही. पोरांनी एक घास घेतला आणि एक पोरगं म्हणालं, "ही दवाखान्यातली मिसळ आहे." मोठ्यांनी तेवढंही न बोलता गाडी काढली आणि नाक्यावर जाऊन कटवाली मिसळ खाऊन आले. मग आमच्या ध्यानात आलं, की जिभेला फसवायला जाऊ नये. कोल्हापूरच्या जिभेला तर नाहीच नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही मिसळ मिसळीसारखीच केली. फोडणी दिली, कट काढला. फक्त वाढायची रीत बदलली. नेहमी वाटीत मूठभर मटकी, वर फरसाणाचा ढीग, आणि सगळं कटात बुडवून चार-पाच ब्रेडचे तुकडे. आम्ही वाटीभर मटकी, त्यावर चिमूटभर फरसाण, भरपूर कांदा-कोथिंबीर-लिंबू आणि दोन पळ्या कट असं वाढलं. ब्रेड दोन. तेव्हा तेच पोरगं वाटी चाटून गेलं. मिसळीत मटकी शोधावी लागते ही कोल्हापूरची जुनी तक्रार, ती आमच्यापुरती मिटली.

आता रश्श्याचं. आक्कांसाठी हा मुख्य प्रश्न होता, म्हणून यावर आम्ही जास्त डोकं लढवलं.

मटण अळणी शिजवून घेतो आपण, हळद-मीठ-आलं-लसूण लावून. ते अळणी पाणी लगेच वापरायचं नाही. मटण बाजूला काढून पाणी गार होऊ द्यायचं. फ्रीज असेल तर तासभर आत ठेवायचं, नसेल तर मटण आदल्या रात्री उशिरा शिजवून पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि पहाटे उठल्यावर बघायचं. उन्हाळ्यात हे करू नका, नासतं. गार झाल्यावर चरबीचा पांढरा थर वर येतो. तो चमच्यानं उचलून घ्यायचा. चमचाभर ठेवा, चवीला. बाकीचा काढून टाकायचा. पहिल्यांदा किलोभर मटणाच्या पाण्यावर केवढा थर निघाला ते बघून आम्ही गप्पच झालो. पांढऱ्या रश्श्यात तसंही खोबऱ्याचं दूध असतं, तीळ-खसखस असते, त्याला वरून चरबीची गरज नाही. चवीत फरक पडला नाही, उलट पांढरा जिभेला हलका लागला.

तांबड्याचा कट आमच्यातल्या एका वहिनींनी सोडवला. कट हा तांबड्याचा जीव आहे, तो नसला तर पाहुणा म्हणतो रंग नाही. म्हणून फोडणी नेहमीसारखी द्यायची, रस्सा उकळून कट वर आला की वाढायच्या आधी पळीनं निम्मा कट वाटीत काढून घ्यायचा. तो टाकायचा नाही. झाकून गार जागी ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या आमटीला, नाहीतर पिठल्याला त्याचीच फोडणी. नवीन तेलाचा थेंब नाही, आणि सोमवारच्या आमटीला रविवारची चव. घरच्यांनी विचारलं, आमटीत आज काय घातलंय म्हणून. सोमवार पाळणाऱ्यांच्या घरी मात्र हे मंगळवारी करा, नाहीतर आमच्या नावानं ओरड होईल.

मीठाचं गणित आम्हाला सगळ्यात जड गेलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे लहान चमचाभर. सात माणसांच्या घरात एक किलोची पिशवी महिनाभर गेली पाहिजे. आणि हे सगळं धरून, लोणचं, पापड, फरसाण धरून. आमच्याकडं आणखी एक गुप्त मीठ असतं. उन्हाळ्यात आपण वर्षाची कांदा-लसूण चटणी करतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, खोबरं, तीळ, धणे, आणि टिकावी म्हणून मीठ चांगलं सढळ. कुणी मिरचीच्या किलोला अर्धा किलो घालतं, कुणी त्याहून जास्त. मग भाजीत चटणी घालतो आणि वर परत सवयीनं मीठ. यंदा आम्ही सहा जणींनी मिळून चटणी केली, तेव्हा दोन डबे वेगळे केले. एकात नेहमीचं मीठ, एकात निम्मं. निम्म्या मीठाचा डबा फ्रीजमध्ये ठेवतो आणि आधी तोच संपवतो. ज्यांच्याकडं फ्रीज नाही त्यांनी मीठ कमी करण्यापेक्षा सवय बदलावी, आधी चटणी घालायची, चव बघायची, मगच मीठाला हात लावायचा. एवढ्यानंच आक्कांच्या घरची पिशवी आठ दिवस जास्त गेली.

गुळाबद्दल बोललो तर गुऱ्हाळवाले पाहुणे रागावतील, पण बोलतो. आमच्यातल्या दोघी-तिघी साखर सोडून गुळाचा चहा घेत होत्या, गुळानं शुगर वाढत नाही म्हणून. वाढते. कोल्हापूरचा गूळ नामांकित आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण ऊस एकच, साखरही त्याचीच आणि गूळही त्याचाच. गुळात थोडं लोह असतं, पण एका खड्यात इतकं थोडं की रक्त वाढवायला त्याच्यावर विसंबता येत नाही. ज्याला शुगर नाही त्यानं शेंगदाण्याबरोबर खडाभर गूळ खावा, आनंदानं खावा. ज्याला शुगर आहे त्यानं गुळाला साखरच समजावं. पुरणपोळीचंही तेच. आक्का आता बेंदराला अर्धी पोळी खातात, दुधाबरोबर आणि वर कटाची आमटी. त्या दिवशी भात घेत नाहीत. अर्धी पोळी, पण पंगतीत बसून.

आता ताटातल्या बाकीच्या जागेबद्दल. आपण रश्श्याला दोष देतो, पण रश्श्याच्या शेजारी काय असतं ते बघत नाही. तांबडा-पांढऱ्याच्या ताटात कांदा-लिंबाच्या दोन फोडी शोभेला आणि भाताचा डोंगर. देवीचं ताट मात्र बघा. मार्गशीर्षात कोल्हापूरला ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. तिचा नैवेद्य काय? आंबील, भाकरी, वडी, मेथीची भाजी, वांगं, कांद्याची पात, गाजर. गौरी घरात येते तेव्हा तिला पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, शेपूची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला बाजरीची भाकरी आणि वरणा, पावटा, गाजर, वांगं, हरभरा अशी मिसळीची भाजी. देवीला वर्षातनं चार वेळा असं ताट मिळतं, तर आपल्याला आठवड्यातनं चार वेळा का नको? २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भातापेक्षा कितीतरी पटीनं जास्त. आपल्या डोंगरात पिकणारं धान्य शहरातल्या दुकानात पुड्यात घालून महागानं विकतात, आणि आपण रेशनचा तांदूळ शिजवतो.

म्हणून आमच्या घरी आता नियम असा. रस्सा असेल त्या दिवशी ताटात आधी भाकरी आणि वाटीभर कच्चं काहीतरी, गाजर, काकडी, पात, मुळा, जे स्वस्त असेल ते. तोवर भात वाढायचा नाही. पोट निम्मं भरल्यावर भात आपोआप कमी जातो. पहिल्यांदा एका घरात आजोबा रागावले, "मी काय म्हैस आहे का, पाला खायला?" त्यांच्या सुनेनं काही न बोलता गाजरावर लिंबू पिळून वर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि चिमूटभर चटणी टाकली. आता आजोबा कोशिंबीर आल्याशिवाय हात धूत नाहीत.

इथवर सगळं सोपं होतं. पुढचं बोलायला आम्हाला वेळ लागला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. म्हणजे एकीकडं तेल-मीठ जास्त झालं म्हणून आपण बीपी-शुगरला भितो, आणि त्याच घरातल्या सुनेला पायऱ्या चढताना धाप लागते. एकाच पातेल्यातलं जेवण, मग हे कसं? आम्ही एका रविवारी एका घरात बसून मोजलं. किलोभर मटण, सव्वीस फोडी, सात माणसं. वाढता वाढता शेवटी सून बसली तेव्हा पातेल्यात दोन फोडी, त्यातली एक नुसतं हाड, आणि भरपूर रस्सा. म्हणजे मटणातलं रक्त वाढवणारं जे काही आहे ते पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात गेलं, आणि तिच्या वाट्याला आलं तेल, मीठ आणि भात. सासूच्या वाट्यालाही तेच. आक्कांची शुगर काही एका दिवसात वाढली नव्हती, तीस-पस्तीस वर्षं त्यांनी बुडाचा रस्सा आणि भात खाल्ला होता.

२०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरून केवढं आंदोलन झालं ते तुम्हाला आठवत असेल. किलोमागं चार पैसे वाढले म्हणून माणसं रस्त्यावर आली. पण कुणाच्या ताटात किती फोडी, यावर अजून तरी एकही बैठक झाल्याचं आम्ही ऐकलं नाही. नळी तर पाहुण्याची, नाहीतर घरच्या मोठ्या माणसाची. आमच्यातल्या एका साठीच्या मावशींना आम्ही विचारलं, तुम्ही शेवटची नळी कधी चोखली? त्या म्हणाल्या, "माहेरी असताना."

दुधाचंही तसंच. दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ धारा काढतो, शेण-घाण आपण करतो, आणि दूध किटलीत भरून डेअरीला. पगाराला तो आधार आहे, ते आम्हाला कळतं. पण बाळंतिणीच्या चहाला दुधाचा नुसता रंग असावा, हे काही बरोबर नाही. आम्ही ठरवलं, की किटली बाहेर जायच्या आधी घरच्या बायकांपोरांचं दूध मापानं काढून ठेवायचं. तक्रारी झाल्या, अजून होतात. दोन घरांत हे जमलेलं नाही, तेही सांगतो.

आणि चहा. सकाळी उठल्यापासून अकरापर्यंत नुसत्या चहावर राहायचं आणि मग जेवणावर परत चहा. जेवणाबरोबरच्या चहानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. आशाताई लाल गोळी देतात, तीही आपण चहाबरोबर गिळतो आणि म्हणतो फरक पडत नाही. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा, जेवताना लिंबू पिळा, लिंबानं लोह जास्त लागू पडतं. एवढं एक काम फुकटातलं आहे.

वाढण्याच्या बाबतीत आम्ही जे केलं ते असं. रविवारी मटण शिजलं की पातेल्यातच माणशी वाटण्या करायच्या, सात वाट्या मांडायच्या, त्यात सारख्या फोडी घालायच्या, आणि मग पंगत बसवायची. बाया पुरुषांबरोबरच बसायच्या. रस्सा-भाकरी मध्ये ठेवायची, ज्याला हवं त्यानं घ्यावं. बोलायला सोपं, पण पहिल्या रविवारी आमच्यातल्या चौघींना घास गिळवेना. मधूनच उठायची सवय, भाकरी गरम द्यायची सवय. एकीच्या नवऱ्यानं वाटीकडं बघून विचारलं, "हे काय, हॉटेल काढलंय का?" ती म्हणाली, "व्हय, आणि मी आज गिऱ्हाईक आहे." तो हसला, म्हणून निभावलं. दुसऱ्या एका घरात हसण्यावारी गेलं नाही, दोन दिवस अबोला झाला. तिथं आता सासूबाई वाट्या मांडतात, म्हणून कुणी बोलत नाही. सासू सामील झाली की निम्मी लढाई संपते, हा आमचा अनुभव.

आक्कांचं काय झालं विचाराल. गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी जेवल्यावर पाणंदीनं चालून येतात. परवाच्या तपासणीत शुगर पहिल्यापेक्षा उतरलेली होती, अजून व्हायला हवी तेवढी नाही. छोटं पातेलं त्यांनी माळ्यावर टाकलंय. घरात आता एकच स्वयंपाक होतो, सगळ्यांना तोच. तेलाचा डबा या वेळी सव्वादोन महिने गेला. पावणेतीनपर्यंत आलेला नाही. सून म्हणते आखाड संपल्याशिवाय येणार नाही, तेही खरं.

येत्या शुक्रवारी त्यांच्याकडं पुन्हा यात्रेचं जेवण आहे. आम्हा बारा जणींना आवतण आहे. अळणी पाणी आदल्या रात्री गार करायचं ठरलंय, गाजराची कोशिंबीर आम्ही नेणार आहोत, आणि पहिली पंगत बायकांची. वाढायला त्यांचा लेक आणि नातू. नातवानं कालच विचारलं, "आज्जे, नळी कुणाला वाढू?" आक्का म्हणाल्या, "दोन निघतील. एक तुझ्या आईला, एक मला. पाहुण्यांना पुढच्या वर्षी."

तुमच्या घरचा तेलाचा डबा किती दिवस जातो, ते माणसं मोजून आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात श्रावणातल्या उपासांबद्दल बोलू, कारण साबुदाणा आणि शेंगदाण्याचा हिशोब अजून मांडायचा राहिलाय.